नाद



गेल्या खेपेला वसतिगृहातल्या आमटीची गोष्ट सांगितली होती. या वेळी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. हसू आले तर खुशाल हसा. पण घरात कॉलेजात शिकणारे पोर असेल तर त्याला हे मोठ्याने वाचून दाखवू नका. त्याला आयते निमित्त मिळेल.

दिवाळीच्या सुटीत गावी गेलो होतो. आमच्याकडे त्या आठवड्यात मोटारीची वीज रात्रीची होती. आप्पांच्या अंगात कणकण होती, म्हणून ज्वारीला दारे धरायला मी निघालो. खांद्यावर खोरे, हातात बॅटरी आणि, खरे तेच सांगतो, शर्टात खोचलेले एक पुस्तक. व्यंकटेश माडगूळकरांचे 'बनगरवाडी'. सोलापूरला कॉलेजच्या ग्रंथालयातून आणलेले, दोन दिवसांत परत करायचे होते.

तुमच्यापैकी काहींनी ते वाचले असेल. 1955 सालचे पुस्तक आहे. माणदेशातल्या एका धनगरवाडीवर पोरसवदा मास्तर चालत येतो, आणि पाहतो तर शाळेत पोर नाही. मग वाडीचा म्हातारा कारभारी त्याला हाताशी धरतो. माडगूळकर आटपाडीकडले, म्हणजे आमच्या सांगोल्याच्या शेजारचेच. त्यामुळे त्यातली माणसे बोलायला लागली की मला आमची आजी बोलल्यासारखे वाटते. आपले बोलणे असे पुस्तकात छापता येते, आणि शिकलेसवरले लोक ते वाचतात, याचे मला फार नवल वाटले होते.

तर एक सारा भरेपर्यंत पाच-सहा पाने होत. मी बांधावर बसायचो, वाचायचो, उठून पाणी पुढच्या साऱ्यात वळवायचो. शेवटच्या पानांत दुष्काळ पडतो आणि मेंढरे घेऊन वाडी उठायला लागते. तिथे मी उठायचे विसरलो. पुस्तकात पाण्यावाचून वाडी ओस पडत होती आणि इकडे आमचा दंड फुटून पाणी शेजारच्या तात्यांच्या कांद्याच्या रोपात शिरले होते. माझ्या पायाला ओल लागली तेव्हा ध्यानात आले. तोवर दोन वाफे आडवे झाले होते.

तात्या सकाळी आले. ओरडले नाहीत, हेच जास्त लागले. आप्पा बांधावर उभे राहून नुसते वाफ्यांकडे बघत होते. मग आमच्या रोपातले दोन वाफे तात्यांना द्यायचे ठरले. म्हणजे आमची लागण तेवढी घटली. घरी आल्यावर आप्पा एवढेच म्हणाले, "पुस्तकानं पोट भरतंय का रं? हे नाद आपल्याला परवडायचं न्हाईत."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे होते काय? रोपाचे बी उधारीवर आणलेले, हे मला माहीत होते. सोलापूरला आलो, पुस्तक परत केले आणि दुसरे घेतलेच नाही. संध्याकाळी मोबाइलवर गाणे ऐकायची सवय होती, तीही सोडली. महिनाभर अभ्यास तेवढा केला. आणि गंमत बघा, अभ्यासही काही जास्त झाला नाही. वेळ मात्र जाता जाईना.

माझ्या खोलीत मंगळवेढा तालुक्यातला, भीमाकाठचा एक मुलगा आहे. त्याला गाण्यातले ओ की ठो कळत नाही. एका रात्री न राहवून मी सतार लावली. तो आडवा पडल्या पडल्या म्हणाला, "त्या सतारीचा भोपळा आमच्या रानातला असंल."

मला वाटले थट्टा करतोय. पण संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली, सुटी मिळाली, तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या गावी गेलो. तिथे रानात भोपळे पडलेले पाहिले. एकेक भोपळा घागरीपेक्षा मोठा. मिरजेत सतारी आणि तंबोरे करणारी घराणी आहेत, दीडशेहून अधिक वर्षांचा त्यांचा धंदा. त्यांना लागणारा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या या भीमाकाठच्या पट्ट्यातून जातो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले, आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला 2016 साली मिळाले होते तसेच.

हा भोपळा कडू असतो. गुरेही त्याला तोंड लावत नाहीत. (जाता जाता मायबहिणींना सांगतो : भाजीचा दुधीसुद्धा कधी कडू लागला तर जीव तोडून संपवू नका, रस तर पिऊच नका. तो कडवटपणा विषारी असतो.) पावसाळ्यात लावलेला वेल भुईवरच पसरतो. मित्राचे आजोबा फळाखाली पाचट घालतात आणि अधूनमधून ते हलक्या हाताने सरळ बसवतात, म्हणजे बूड वेडेवाकडे होत नाही. वेल वाळला तरी फळ तोडायचे नाही. साल टणक होऊन आत बी खुळखुळायला लागेपर्यंत दम धरायचा. मिरजेत तो पाण्यात भिजवून मऊ करतात, कापतात, आतला गर कोरून काढतात आणि मग त्याला तुणीच्या लाकडाची दांडी बसते. पुरुषांच्या खर्जाला मोठा भोपळा, बायकांच्या आवाजाला लहान.

आजोबांना मी विचारले, "आबा, तुम्ही सतार ऐकलीय का कधी?"

"न्हाई बा," म्हणाले. "आम्ही ह्या भोपळ्यांची सांगड बांधून नदी उतरायचो. पूल कुठं हुता तवा." आता सगळीकडे उजनीचे पाणी आणि ऊस. भोपळा त्यांनी दहा गुंठ्यांत ठेवलाय, तोही मुलांच्या मनाविरुद्ध. उसाला गाडी दारात येते. भोपळ्याला गिऱ्हाईक येईल तेव्हा येईल, आणि एक तडकला की सगळी मेहनत वाया. मी विचारले, मग कशाला करता? तर हसले आणि म्हणाले, "करतो आपला."

परतताना एस.टी.त मला आमच्या सोलापूरच्या राम जोशींची आठवण झाली. त्यांच्यावर 1947 साली चित्रपटही निघाला होता. घर पुराणिकांचे आणि ह्याला तमाशाचा नाद. थोरल्या भावाने घराबाहेर काढले, असे सांगतात. पुढे पंढरपुरात जाऊन ते शिकले, कीर्तने केली, पण लावणी काही सुटली नाही. त्या थोरल्या भावाचे लोक वाईट बोलतात. मला आता तसे बोलवत नाही. त्याच्याही घरात काही हिशेब असतील.

शिमग्याला पुन्हा गावी गेलो, तेव्हा आजीला ही भोपळ्याची हकिकत सांगत होतो. आजी ऐकता ऐकता म्हणाली, "तुझ्या बापाचा पखवाज माळ्यावर हाय, ठाव हाय का तुला?"

मला ठाऊक नव्हते. आजीने सांगितले, लग्नाआधी आप्पा भजनात वाजवायचे, शेजारच्या गावांतून बोलावणे यायचे. 2003 साली दुष्काळात बैल विकले, त्या वर्षी पखवाज वर टाकला तो पुन्हा खाली आला नाही. कोणी मनाई केली नव्हती. आपणच टाकला.

मी शिडी लावली. उंदरांनी वाद्या कुरतडल्या होत्या, एका बाजूची पुडी फाटली होती. खोड मात्र शाबूत. आप्पा रानातून आले, त्यांनी पाहिले, हातपाय धुतले, जेवले. काही बोलले नाहीत. मीही नाही. सकाळी मी पखवाज धोतराच्या फडक्यात बांधून एस.टी.त घातला. सोलापुरात एका कारागिराकडे दिला. पुडीचे पैसे मी दोन महिने एका दुकानात संध्याकाळी वह्या बांधून फेडले, हे आप्पांना अजून सांगितलेले नाही. तुम्हीही सांगू नका.

ग्रंथालयातही पुन्हा जाऊ लागलो आहे. दारे धरायला जाताना पुस्तक मात्र घरी ठेवतो.

मे महिन्यात पखवाज घरी नेला. एकादशी होती. देवळात भजन सुरू झाल्याचे ऐकू येत होते. आप्पा ओसरीवर बसून पुडीवरून नुसता हात फिरवत होते. ज्यांनी पखवाज पाहिलाय त्यांना ठाऊक असेल, त्याच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावल्याशिवाय तो घुमत नाही. बराच वेळ गेला. मग आप्पांनी आत तोंड करून आईला हाक मारली, "अगं, लिंबाएवढी कणीक दे जरा. घट्ट मळ."