समुद्रकाठची खोली आणि आपले आडनाव



वाशीम जिल्ह्यातील आमच्या आसेगावाला समुद्र माहीत आहे तो दादरच्या चैत्यभूमीचा. सहा डिसेंबरला गेलेला माणूस बाबासाहेबांना अभिवादन करतो, परतताना लाटेला हात लावून येतो, एवढीच आपली समुद्राशी ओळख. त्यामुळे माझ्या पुतणीची जिल्हा परिषद शाळेत शिक्षण सेवक म्हणून निवड झाली आणि गाव निघाले दापोली तालुक्यातले, अगदी समुद्रकाठचे, तेव्हा वस्तीत आनंद झाला आणि घरात काळजी शिरली. विदर्भ-मराठवाड्यातील आपली अनेक शिकलेली मुले-मुली आज कोकणातील शाळांत आहेत. ही एका घराची गोष्ट नाही, म्हणून लिहितो.

भाऊ सोयाबीनच्या सोंगणीत अडकलेला, तेव्हा पोरीसोबत मी निघालो. वहिनीने ज्वारीचे पीठ, तिखट, मुगवड्या बांधून दिल्या. रात्रीच्या गाडीने पुणे, तेथून एस.टी.ने घाट उतरून दापोली, आणि पुढे गाव. जांभ्या दगडाची कौलारू घरे, नारळी-पोफळीच्या बागा, वाळत घातलेली मासळी आणि समोर पाणीच पाणी. पुतणी म्हणाली, "काका, हे तं कॅलेंडरवरच्या फोटोसारखं हाय!"

मग खोली शोधायला लागलो. पहिल्या घरी खोली नव्हती. दुसऱ्या घरी होती. मालकीणबाईंनी बसायला दिले, पाणी दिले, खोली उघडून दाखवली, भाडेही सांगितले. नंतर विचारले, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितले. बाईंचा आवाज बदलला नाही, फक्त त्यांना आठवले की खोली मुंबईच्या पाहुण्यांसाठी ठेवली आहे. तिसऱ्या घरीही पाहुणेच येणार होते.

रस्त्यावर आल्यावर पोरगी हळूच म्हणाली, "काका, उद्या आडनाव नाही सांगतलं तर चालन का?"

वाचकहो, वीस वर्षे मी चौदा एप्रिलला भाषणे करतो. पण त्या क्षणी माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. शिक्षण सेवकाला पहिली तीन वर्षे दरमहा १६,००० रुपये मानधन. त्यात खोली, जेवण आणि घरी पाठवायचे. पोरगी एकटी, गाव अनोळखी. 'तीनच वर्षांचा प्रश्न आहे, नको सांगूस,' असे शब्द ओठांपर्यंत आले होते. खोटे कशाला बोलू?

आम्ही धक्क्यावर जाऊन बसलो. मी तिला म्हटले, "तू कोणत्या मातीत आली आहेस ते आधी ऐक. लष्करातून निवृत्त झाल्यावर सुभेदार रामजी सकपाळ महूहून मुलाबाळांना घेऊन याच दापोलीत राहायला आले. लहानग्या भीमरावाचे शिक्षण सुरू झाले ते इथे. त्यांच्याही आधी गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून निवृत्त होऊन दापोलीत राहिले आणि १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहून त्यांनी धर्माच्या ठेकेदारांना जाब विचारला. माता रमाईचे वणंद याच तालुक्यात. तिचे वडील दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या वाहत. आईबाप गेले आणि ती पोरकी लेकरे मुंबईला गेली. पन्हाळेकाजीला आपल्या भिक्खूंनी कोरायला घेतलेली लेणी आहेत, आज तिथे २९ लेणी दिसतात. इथे येणाऱ्या पाहुण्यांना सुवर्णदुर्ग दाखवतात, दाभोळची आदिलशाही मशीद दाखवतात. तेही पाहावे. पण हा दुसरा इतिहास कोणी दाखवत नाही. वलंगकरांच्या दापोलीत आपण आडनाव गिळून राहायचे का?"

तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "काका, हे सर्व खरं हाय. पण रात्री झोपाचं कुठं?"

प्रश्न बरोबर होता. इतिहासाने मान ताठ होते, डोक्यावर छप्पर येत नाही.

तेव्हा आम्ही जे आधीच करायला हवे होते ते केले. बौद्धवाडीचा रस्ता विचारला. आपल्याकडे गाव एका ठिकाणी वसलेले असते. कोकणात वाड्या दूर दूर पसरलेल्या. बौद्धवाडीतील निम्म्या घरांना कुलूप, माणसे मुंबईला कामाला. पण बुद्धविहार स्वच्छ होता आणि बौद्धजन पंचायत समितीच्या शाखेचे कार्यकर्ते संध्याकाळी जमले. त्यांनी तेथूनच मुंबईला फोन लावला. घरमालक कधी भेटलेला नाही, त्याने आमच्या गावाचे नाव ऐकले आणि किल्ली द्यायला सांगितले. भाडे नाममात्र, अट एकच: संध्याकाळी विहारात दिवा लावायचा आणि वाडीतल्या मुलांचा तासभर अभ्यास घ्यायचा. किल्ली आणून देणारी आजी म्हणाली, "घर बंद राहिलं की वाळवी लागते, बाय. माणूस पाहिजे घरात."

बाहेरगावी नोकरीला निघालेल्या आपल्या मुलामुलींसाठी यातून चार गोष्टी सांगतो.

पहिली, रुजू होण्याच्या दोन-चार दिवस आधी जा, आणि खोली शोधण्याआधी आपली माणसे शोधा.

दुसरी, कागद सांभाळा. अनुसूचित जाती व नवबौद्धांना जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. तुमची मुले उद्या कोकणात जन्मली तरी त्यांचा दाखला आजोबा-पणजोबांच्या मूळ गावच्या पुराव्यावरच निघेल. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल यांच्या प्रती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. तिथे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. भिंतींना ओल येते आणि पेटीतला कागदही सादळतो.

तिसरी, पाहुण्यासारखे राहू नका. बुद्धपौर्णिमेला, रमाई जयंतीला त्यांच्यात बसा. तांदळाची भाकरी खा, ज्वारीची करून घाला. "आमच्याकडे असे नसते" हे वाक्य गावीच ठेवून जा.

चौथी, नाव लपवू नका. लपवलेले आडनाव रोज सांभाळावे लागते. त्याचे भाडे कोणत्याही खोलीपेक्षा जास्त पडते.

मी कारकून माणूस, हिशेब पुरा मांडल्याशिवाय झोप येत नाही. छप्पर मिळाले, शेजार मिळाला, वाडीतल्या मुलांना शिकवणारी ताई मिळाली, ही जमा. पण ज्या दोन घरांना माझ्या आडनावानंतर पाहुणे आठवले, ती नोंद खोडायची नाही. आपल्याच वाडीत खोली मिळाली म्हणून तो हिशेब मिटला, असे समजू नका. ती येणे बाकी आहे आणि पुढच्या पानावर ओढायची आहे.

परवा पुतणीचा फोन आला. पाणी दिलेल्या त्या बाईंचा नातू तिच्याच वर्गात आहे. इतर मुलांबरोबर तोही पाढे म्हणतो. मी विचारले, "पहिल्या दिवशी काय शिकवलं?"

ती म्हणाली, "फळ्यावर माझं नाव लिवलं काका. पूर्ण. आन् सर्वायकडून वाचून घेतलं."

जयभीम.