नेवऱ्या घरच्या, पण घर कुणाचं?

चवथ जवळ आली की आमच्या गोव्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं : "हल्ली सगळं विकतचंच झालंय हो, घरच्या नेवरीची चव आता राहिली नाही!" गंमत अशी की हे म्हणणाऱ्यांत पुरुषच जास्त असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी जन्मात एकही नेवरी लाटलेली नसते. मी सरकारी कचेरीत कारकून आहे. चवथीआधीच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत हा विषय दरवर्षी रंगतो. पुरुष मंडळी चवीबद्दल बोलत असतात आणि बायका घड्याळाकडे बघत असतात, कारण त्यांना संध्याकाळची बस गाठून घरी जाऊन नारळ खवायचे असतात.

म्हणून माझं मत सरळच सांगतो. सणाचे पदार्थ घरी व्हावेत, असं मलाही वाटतं. पण ते घराने करावेत, घरातल्या एकट्या बाईने नव्हे. ते जमत नसेल तर खुशाल विकत आणावेत आणि मग चवीची तक्रार करू नये.

यात मोठं तत्त्वज्ञान वगैरे काही नाही. नेवरी कशी होते तेवढं बघा. महाराष्ट्रात जिला करंजी म्हणतात तिचीच ही गोव्यातली बहीण. पारी लाटली की ती वाळायच्या आत सारण भरावं लागतं. भरलेली नेवरी ओलसर फडक्याखाली ठेवली नाही तर तिला भेगा पडतात. कडेची मुरड सैल राहिली तर सारण तेलात सुटतं, करपतं आणि पुढचा सगळा घाणा काळवंडतो. तळायचं मंद आचेवर. घाई केली की वरून तांबूस झालेली नेवरी दुसऱ्या दिवशी मऊ पडते. म्हणजे एकाने लाटायचं, दुसऱ्याने भरून मुरड घालायची, तिसऱ्याने कढईपाशी उभं राहायचं आणि हे सगळं एकाच वेळी. हा पदार्थ मुळातच तीन-चार माणसांचा आहे!

डिसेंबरात ख्रिश्चन शेजाऱ्यांकडे नाताळाची तयारी सुरू होते, तिथेही हीच गोष्ट. नेवऱ्या त्यांच्याकडेही असतातच. दोदोल म्हणजे तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा गूळ. ते मिश्रण आटून भांड्याची कड सोडेपर्यंत ढवळतच राहायचं, हात बदलायला दुसरं माणूस हवंच. बेबिंकेचा एक थर भाजल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही. सात थर म्हणजे सात वेळा वाट बघणं. आणि कुलकुल तर मुलांचाच खेळ. पिठाची इवलीशी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळायची, की शिंपल्यासारखा आकार येतो. एकट्या बाईने शंभर कुलकुल वळायचे म्हणजे शिक्षा आणि पाच मुलं भोवती बसली की तीच मजा.

हे सगळे पदार्थ भरल्या घरांचे आहेत. जावा, नणंदा, सुना, आज्या, सगळ्या एका चटईवर बसायच्या. (पुरुष तेव्हाही ओसरीवरच असायचे, ते सोडा.) आज घरात माणसं तीन किंवा चार. त्यातली एक-दोन नोकरीला. माणसं कमी झाली, पण पदार्थांची यादी मात्र पूर्वीइतकीच राहिली. मग तो भार कुणावर पडला, हे सांगायला नको.

2023 मध्ये बेबिंकेला भौगोलिक मानांकन मिळालं. मला आनंदच झाला. पण फायलींवर शिक्के मारण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय, म्हणून सांगतो, शिक्क्याने नाव राखलं जातं, हात तयार होत नाहीत. हात तयार होतात ते शेजारी बसून.

विकतच्या नेवरीला मी नावं ठेवणार नाही. तीही कुणाच्या तरी हातचीच असते. चवथीच्या आधी गावोगावचे स्वयंसाहाय्य गट ऑर्डरी घेतात, त्या बायकांना चार पैसे मिळतात. त्यात वाईट काय? मग घरी तरी कशाला करायच्या, असं कुणी विचारेल. माझ्यापुरतं उत्तर असं, की आमच्याकडे शेजारून आलेलं ताट रिकामं परत करत नाहीत. चवथीला नेवऱ्या पलीकडे जातात, नाताळाला दोदोल इकडे येतो. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असतं, तिथे सणाचं तळण होत नाही. तिथे शेजाऱ्यांनी द्यायचं असतं. विकतचा डबा तिथे चालत नाही असं नाही, पण हाताने केलेल्या चार नेवऱ्या ठेवताना आपण जरा वेळ दारात थांबतो, दोन शब्द बोलतो.

आमच्या घरी आता दोनशेऐवजी साठच नेवऱ्या होतात. बायको लाटते, मुलगी भरते, आई मुरड घालते, तळण माझ्याकडे. आईची मुरड वेणीसारखी, मुलगी आपल्या नेवऱ्यांची कड कातणाने कापते, तरी तिच्या निम्म्या वाकड्या. गेल्या चवथीला नैवेद्याच्या ताटात आईने मुद्दाम तिच्या वाकड्याच ठेवल्या. म्हणाली, "गणपतीला पोट भरल्याशी कारण, मुरड कोण बघतंय!"

चवथीला सरकार दोन दिवस सुट्टी देतं, पण नेवऱ्या करायच्या असतात त्याच्या आधी, कामाच्या दिवसांच्या संध्याकाळी. तेव्हा मंडळी, यंदा त्यातली एक संध्याकाळ काढा. शंभर नको, तीसच करा, पण सगळ्यांनी बसा. तासभर कढईपाशी उभं राहून झालं, की मग चवीबद्दल हवं तेवढं बोला.