पावती फाडली म्हणजे दया झाली का?



आज थोडं कडू लिहिते आहे. आमच्या अर्धापुरात आपल्याच समाजातल्या एका घरी दहा महिन्यांचा कारवानी कुत्रा आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत श्वान प्रदर्शन भरतं, त्यासाठी त्याची तयारी चालली होती. नांदेड रस्त्यावर मोटारसायकलची धडक बसली आणि पुढचा पाय मोडला. डॉक्टरांनी प्लास्टर घालून सहा-आठ आठवडे विश्रांती सांगितली. घरात मात्र दोन मतं निघाली. एक, प्लास्टर लवकर काढून पळवून बघू. दुसरं, आता याचा उपयोग काय, पांजरपोळात सोडू आणि पावती फाडू.

मला दोन्ही मतं मान्य नाहीत.

दशलक्षणात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय ऐकतो. सातव्या दिवशी अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार येतात: जीवाला डांबून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही एवढा भार लादणं, अन्नपाणी तोडणं. मोडक्या पायावर पळवणं हा अतिभार नाही तर काय? ढालीची हौस माणसाची, हाड कुत्र्याचं. याला आपल्याकडे मान कषाय म्हणतात.

पांजरपोळ निराधार जीवांसाठी आहे. ज्याला घर आहे, मालक आहे, त्याला तिथे सोडणं म्हणजे आपली जबाबदारी दुसऱ्याच्या दारात टाकणं. दान जरूर द्या, पण ते सेवेच्या बदल्यात नको. आणि कुठेतरी उपाशी मरायला सोडून देणं तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे.

कुणी म्हणतं, "त्याचं कर्म." त्याचं कर्म तो भोगतोच आहे. पाठ फिरवून आपण जे बांधतो, ते कुणाचं?

त्या घरच्या सुनेने कुणाचं ऐकलं नाही. फरशीवर पाय घसरू नये म्हणून तिने गोणपाट अंथरलं. बाहेर नेताना पोटाखालून टॉवेलचा आधार दिला, प्लास्टर कोरडं ठेवलं. बोटं सुजली किंवा वास आला की लगेच दाखवायचं, हे डॉक्टरांकडून समजून घेतलं. वाढत्या वयात पाय जाड होतो, प्लास्टर आवळतं, म्हणून दर आठवड्याला तपासून आणलं. घरातली ब्रुफेन द्या असं सांगणाऱ्यांना तिने अडवलं, कारण ती कुत्र्याला विषासारखी असते. कांदा-लसूणही त्याला घातकच, त्यामुळे आपल्या घरची साधी दूध-भाकरी त्याला सोसली. सातव्या आठवड्यात प्लास्टर निघालं. पाय बारीक झाला होता, पण तो टेकवू लागला. आता दोरी धरून रोज थोडं थोडं चालवतात. यात्रा हुकली. हुकू द्या.

सख्यांनो, कुत्रा आणायचा, प्रदर्शनात न्यायचा, सोडायचा, हे घरातले पुरुष ठरवतात. भाकरी कुस्करणं आणि घाण काढणं आपल्याकडे येतं. मग ठरवताना आपला शब्द का नको? सेवा करणारीला तेवढा हक्क आहेच. प्राणी घरी येण्याआधीच विचारा: हा लंगडा झाला, म्हातारा झाला, तरी ठेवणार का? उत्तर "बघू" असेल, तर उंबरठ्याच्या आत घेऊच नका.

सामायिकात सर्व जीवांची क्षमा मागणं सोपं आहे. अंगणातल्या एका जीवासाठी दोन महिने राबणं अवघड आहे, आणि आपली खरी परीक्षा तिथेच होते.