आधी माती उकरा

सुगी आटोपून यात्रा-जत्रांचा हंगाम सुरू झाला, की गावोगाव कबड्डीचे सामने भरू लागतात. दिव्यांचा लखलखाट होतो, ध्वनिक्षेपकावरून इनामांच्या रकमा पुकारल्या जातात, आणि एरवी शाळेच्या छपरासाठी ज्या गावात वर्गणी जमता जमत नाही त्याच गावात चषकासाठी एका रात्रीत हजारो रुपये उभे राहतात. या उत्साहाबद्दल आमची तक्रार नाही. गेल्या हंगामात अशाच एका सामन्यास आम्ही उपस्थित होतो. मुरूम टाकून, पाणी मारून आणि वर रोलर फिरवून मैदान असे चोपून काढले होते, की नुसते चालताना टाचेला ठणका लागावा. उपांत्य फेरीत एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी चढाईला गेली, कोपऱ्यातल्या खेळाडूला हुलकावणी देऊन परत वळली, आणि कोणाचा हातही लागलेला नसताना गुडघा धरून मटकन खाली बसली. दोघींनी तिला उचलून बाहेर आणले. गुडघ्यावर ठेवायला बर्फ मिळाला तो बाहेरच्या सरबतवाल्याच्या पेटीतला, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला. कागद आमच्याच पत्राचा होता की काय, हे पाहण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. आंबेहळदीचा लेप लावा, दोन दिवसांत धावू लागेल, असे एका कार्यकर्त्याने सांगितले, आणि दुसरा म्हणाला, "नशीब बिचारीचे!"

आमचा आक्षेप आहे तो या 'नशीब' शब्दाला. मांडीचे आणि नडगीचे हाड परस्परांशी बांधून ठेवणारा जो तिरपा अस्थिबंध गुडघ्याच्या आत असतो, आणि दवाखान्यात ज्याला सर्रास नुसते 'लिगामेंट' म्हणतात, तो पुष्कळदा कोणाच्या धक्क्याने तुटत नाही. भरवेगात एकाएकी थांबताना, गर्रकन वळताना, किंवा उडीवरून खाली येताना गुडघा आत झुकला, की तो तुटतो. फुटबॉल, बास्केटबॉल यांसारख्या खेळांत मुलींना हा अपाय मुलांच्या दुपटीहूनही अधिक प्रमाणात होतो, हे वैद्यांनी वारंवार मोजून पाहिले आहे. शस्त्रक्रिया करून तो अस्थिबंध नव्याने बसवला तरी मैदानावर परतण्यास नऊ महिने ते वर्ष लागते, आणि ज्या घरात मुलीच्या खेळण्यालाच मुळात कशीबशी संमती मिळालेली असते, त्या घरात ते वर्ष बहुधा संपतच नाही. ज्या गोष्टीची कारणे ठाऊक आहेत, जी कोणावर अधिक ओढवते हेही ठाऊक आहे, तिला दैव म्हणणे हा दैवावर अन्याय आहे.

गंमत अशी की असा अपाय टाळण्याचे शहाणपण आपल्याला परक्यांकडून शिकावे लागेल असेही नाही. जुन्या तालमीत पहाटे उतरलेल्या पोराला वस्ताद पहिल्याने कुस्ती लावून देत नसे. तो त्याच्या हाती फावडे देई. हौद्यातली तांबडी माती रोज उकरून, ढेकळे फोडून, सारखी केल्यावाचून कोणी कोणाच्या अंगाला हात लावावयाचा नाही, अशी सक्त ताकीद असे. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस मुरवलेला असे. पडणाऱ्याची पाठ ती झेलून घेई. आणि उकरणाऱ्याचे काय होई? अर्धी घटका फावडे मारता मारता त्याचे खांदे सुटत, कंबर मोकळी होई, मांड्या तापत, अंगाला घाम फुटे, आणि मग जोर-बैठका काढून तो डावाला उभा राही तेव्हा त्याचे शरीर डावाला तयार असे. जमीन आणि खेळाडू या दोहोंचीही सिद्धता एकाच कामात उरकणारी यापेक्षा सोयीची युक्ती आमच्या तरी पाहण्यात नाही. आम्ही तालीम सोडली, हे एक वेळ समजू शकते. पण तालमीतून बाहेर पडताना वस्तादाचा दरारा तेवढा बरोबर आणला आणि फावडे तिथेच ठेवून आलो.

आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने, म्हणजे फिफाने, खेळापूर्वीचा वीस मिनिटांचा जो व्यायामक्रम तयार करविला आहे, त्यात या फावड्याहून निराळे तत्त्व नाही. हळू धाव, एका पायावर तोल, बैठका, उडी मारून गुडघा आत न झुकू देता उतरणे, मांडीच्या मागच्या स्नायूला बळकटी आणणारे वाकणे, एवढेच ते प्रकरण. साधन म्हणावे तर एक चेंडू. नियमाने तो करणाऱ्या संघांत दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे आढळले आहे. वीस मिनिटे! आपल्याकडे प्रमुख पाहुण्यांची वाट पाहण्यात याहून अधिक वेळ जातो, आणि तेवढा वेळ खेळाडू थंड अंगाने रांगेत उभे असतात.

डोक्याच्या माराविषयी तर आपली बेफिकिरी अधिक घोर आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याच्या मैदानावर भारताचा माजी कसोटीवीर रमण लांबा फलंदाजाच्या अगदी पुढ्यात क्षेत्ररक्षणास उभा राहिला. षटकाचे तीनच चेंडू उरले आहेत, तेवढ्यासाठी शिरस्त्राण कशाला, असे तो म्हणाल्याचे सांगतात. चेंडू डोक्याला लागल्यावर तो आपल्या पायांनी मैदानाबाहेर गेला, आणि तीन दिवसांनी इस्पितळात मरण पावला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाचा फलंदाज स्टीव्ह स्मिथ याला मानेवर चेंडू लागला, तपासणी झाली, तो परत येऊन खेळलाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षणे दिसू लागताच त्याला बसवून त्याच्या जागी मार्नस लाबुशेनला घेण्यात आले. अशी बदली देण्याचा नियम आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये त्याच महिन्यात अंमलात आला होता. डोक्याचा मार त्याच क्षणी आपली कैफियत देत नाही, हे ज्याला कळले त्याने नियम केला, आमच्या मैदानांवर मात्र तोंडावर पाणी मारून, "बरं वाटतंय ना रे?" एवढ्या तहकिकातीवर पोराला पुन्हा आत ढकलतात, आणि पोरगे "हो" म्हणते. ते दुसरे काय म्हणणार? क्रीडागुणांची सवलत, सरकारी नोकरीतले खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण, हे सारे सामना खेळून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर अवलंबून असते; तेव्हा दुखणे लपवणे हाच त्याच्या दृष्टीने शहाणपणा ठरतो.

सरकारदरबारी या प्रश्नाकडे कोणत्या बाजूने पाहिले जाते, त्याचा मासला दहीहंडीत दिसला. २०१४ साली उच्च न्यायालयाने थरांच्या उंचीवर २० फुटांची आणि वयावर १८ वर्षांची मर्यादा घातली. २०१७ साली उंचीची मर्यादा उठली आणि वयाची अट १४ वर्षांवर आली. २०२२ साली सरकारने दहीहंडीस साहसी खेळाचा दर्जा देऊन गोविंदाच्या मृत्यूस १० लाख रुपये भरपाई मुकर्रर केली. भरपाई देऊ नये असे आम्ही म्हणत नाही, ती दिलीच पाहिजे. पण पडल्यानंतरचा दर जितक्या तत्परतेने ठरतो, तितक्या तत्परतेने खाली काय अंथरावे हे ठरत नाही.

तेव्हा आमची मागणी थोडकी आहे. सामन्यांना परवानगी देणाऱ्या संघटनांनी मैदान पाहिल्याखेरीज परवानगी देऊ नये, अंग तापवण्याची वीस मिनिटे कार्यक्रमपत्रिकेतच छापावीत, आणि डोक्याला मार लागलेल्या खेळाडूस त्या दिवसापुरते बसवण्याचा अधिकार पंचाला द्यावा, मग स्थानिक पुढारी कितीही रागावोत. शिवाय प्रत्येक सामन्यातील दुखापतींची नोंदवही ठेवून ती जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या दफ्तरी दाखल व्हावी. कोणत्या मैदानावर किती गुडघे गेले याचा हिशेबच कोठे लिहिलेला नसेल, तर जाब विचारायचा कोणाला?

त्या रात्रीचा अंतिम सामना ठरल्याप्रमाणे झाला, चषक दिला गेला, आतषबाजीही झाली. पुढे आठवड्याभराने त्या सामन्यांच्या जमाखर्चाचे पत्रक आमच्याकडे प्रसिद्धीसाठी आले. त्यात मंडप, हार-तुरे, ध्वनिक्षेपक, फटाके आणि पाहुण्यांचा फराळ यांच्या रकमा पैनपै मांडलेल्या होत्या. बर्फाची रक्कम नव्हती. सरबतवाल्याने पैसे घेतले नव्हते.