मशीनखालची फळी

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यात एका ग्राहकाच्या घरी गेलो होतो. इंग्लंडमधल्या एका लिलावातून त्यांनी उभं घड्याळ मागवलं होतं. महॉगनीची केस, पितळी डायल आणि डायलवर लंडनच्या कारागिराचं नाव. घड्याळ चालू होतं, पण टोले चुकत होते म्हणून बोलावणं आलं. हूड पुढे ओढून काढला, बॅटरी मारली, आणि टोल्यांकडे वळायच्या आधीच नजर मशीनखालच्या फळीवर गेली. वजनाच्या दोरीसाठी पाडलेल्या भोकांशेजारी भोकांची आणखी एक जोडी होती, लाकडी खुंट्या ठोकून बुजवलेली. ही फळी केसच्या ज्या दोन बाजूंवर टेकते, त्यांच्या डोक्यावर बोटभर जाडीचे तुकडे चिकटवले होते. शेजारच्या काळपट महॉगनीत ते फिकट लाकूड लगेच डोळ्यांत भरत होतं. मशीनच्या पुढच्या प्लेटवर डायलच्या पायांसाठीही दोन वेगवेगळ्या जागी भोकं होती. केस एका घड्याळाची, मशीन दुसऱ्याचं, डायल तिसऱ्याचा.

इंग्लंडच्या धंद्यात अशा घड्याळाला ‘मॅरेज’ म्हणतात. ग्राहकाला हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “घेण्याआधी तुम्हाला एक फोन केला असता तर?”

आपल्यापैकी प्रत्येकानं हा प्रश्न कधी ना कधी ऐकला असेल. घड्याळ आपल्याकडे येतं तेव्हा पैसे मोजून झालेले असतात. पण हल्ली परदेशातल्या लिलावांत घरबसल्या बोली लावता येते आणि भावही आवाक्यात आले आहेत. साध्या ओकच्या उभ्या घड्याळांच्या किमती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तिकडे बऱ्याच उतरल्या. त्यामुळे खरेदीच्या आधी सल्ला विचारणारेही आता वाढले आहेत. त्यांना आपण काय सांगतो, हे महत्त्वाचं आहे.

ग्राहक पहिल्यांदा नाव विचारतो. थॉमस टॉम्पियनचं नाव त्यानं ऐकलेलं असतं. टॉम्पियन आणि त्याचा वारसदार जॉर्ज ग्रॅहम वेस्टमिन्स्टर ॲबेत एकाच थडग्यात आहेत, एवढा या कारागिरीला त्या देशात मान होता. त्यांच्या कामाचं मोल मी कमी लेखत नाही. पण ती घड्याळं आपल्या ग्राहकांच्या दिवाणखान्यात येणार नाहीत. येतील ती गावोगावच्या कारागिरांची, आणि तिथे डायलवरचं नाव फार थोडं सांगतं. इंग्लिश घड्याळ सहसा एका हाताचं काम नसायचं. ओतीव भाग एकाकडचे, केस सुताराची, डायल तिसऱ्याचा. ऑस्बॉर्न आणि विल्सन यांनी १७७२ साली बर्मिंगहॅममध्ये पांढऱ्या रंगवलेल्या डायलची जाहिरात दिली, आणि पुढे तर डायल तयारच विकत मिळू लागले. अशा डायलच्या मागे पुष्कळदा बिडाची एक जोडपट्टी असते, फॉल्स प्लेट. तिच्यामुळे कुठलाही डायल कुठल्याही मशीनवर बसवता येई. त्या पट्टीवर डायल बनवणाऱ्याचं नाव ओतलेलं असेल, तर डायलचा काळ ठरवायला समोरच्या सुंदर अक्षरांपेक्षा त्याचा उपयोग जास्त. समोर लिहिलेलं नाव अनेकदा नुसतं विकणाऱ्याचं असतं.

आपल्याकडच्या जुन्या वास्तूंत ‘लंड अँड ब्लॉकली’ हे नाव भेटतं. राजाबाई टॉवरचं घड्याळ याच लंडनच्या कंपनीचं, आणि मुंबईतही तिचं दुकान होतं. डायलवर लंडनसोबत बॉम्बे लिहिलेलं असेल तर ते घड्याळ कुणाच्या हातून इथं आलं हे कळतं, आणि मला ती माहिती मोलाची वाटते. पण मशीन कुणी घडवलं, याचा तो पुरावा नव्हे.

म्हणून माझा सल्ला असा. ग्राहकाला लिलाववाल्याकडून तीन फोटो मागवायला सांगा: हूड काढून बाजूनं घेतलेला मशीनखालच्या फळीचा, डायलच्या पाठीचा आणि केसच्या तळाचा. हे फोटो द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल, तर ते घड्याळ सोडून द्यावं. फळी मूळची असेल, दोरीच्या भोकांची एकच जोडी असेल, डायलच्या पायांना एकेकच जागा असेल, तर नाव कितीही अनोळखी असो, घड्याळ घ्यायला हरकत नाही. केसच्या तळाशी पाय कापलेले दिसले तर बिचकू नये. ही घड्याळं कमी उंचीच्या घरांत गेली, ओलसर फरशीवर दीडशे-दोनशे वर्षं उभी राहिली. पाय कुजणं, कापले जाणं त्यांच्या आयुष्याचाच भाग आहे. १७८० ते १८२० च्या दरम्यानचं, ओकच्या केसमधलं, रंगवलेल्या डायलचं आठ दिवसांचं घड्याळ: पहिल्या खरेदीसाठी मी डोळे मिटून हेच सुचवीन.

अर्थात छताची उंची आधी मोजायला हवी. साडेसात-आठ फुटांचं घड्याळ आजच्या फ्लॅटमध्ये मावतं, पण पंखा आणि फॉल्स सीलिंग यांच्यामध्ये अवघडून उभं राहतं. अशा घरासाठी इंग्लिश डायल घ्यावं. भिंतीवरचं गोल, फ्यूझीचं, शाळा-कचेऱ्यांत आणि रेल्वेत राबलेलं हे घड्याळ. त्याला दागिन्यांची हौस नाही, जागा थोडी लागते, आणि फ्यूझीमुळे स्प्रिंग सैलावत गेली तरी जोर सारखा राहतो. ब्रॅकेट घड्याळं दिसायला अतिशय देखणी असतात, पण त्यांतल्या कित्येकांची मूळ व्हर्ज एस्केपमेंट एकोणिसाव्या शतकात काढून अँकर बसवण्यात आली. ग्राहकाला हे आधी सांगावं. त्यात लपवण्यासारखं काही नाही, मात्र किंमत त्या हिशेबानं ठरायला हवी.

आता घड्याळ इथं पोचल्यानंतरचं. लंडनमध्ये वेळेवर चालणारं सेकंद-लंबकाचं घड्याळ मुंबईत उभं केलं की दिवसाला जवळजवळ दोन मिनिटं मागे पडतं. यात मशीनचा दोष नाही. विषुववृत्ताकडे येताना गुरुत्वाकर्षण किंचित कमी होतं आणि लंबक सावकाश झुलतो. १६७२ साली जाँ रिशे हा खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या केयेनला गेला, तेव्हा त्याचं घड्याळही दिवसाला अडीच मिनिटं मागे पडू लागलं होतं. साधारण ९९४ मिलिमीटरचा लंबक एक मिलिमीटर आखूड केला की दिवसाला त्रेचाळीसेक सेकंद मिळतात. म्हणजे मुंबईसाठी गोळा अडीच मिलिमीटरच्या आसपास वर घ्यायचा, एवढंच काम. आपल्या उन्हाळ्याचाही वाटा थोडा असतो: तापमान १० अंशांनी वाढलं तर लोखंडी गजाचा लंबक दिवसाला सुमारे पाच सेकंद मागे पडतो. हे ठाऊक नसल्यामुळे काय होतं, ते मी पाहिलं आहे. ‘घड्याळ मंद चालतंय’ म्हणून एका कारागिरानं मूळ वजन काढून जवळजवळ दुप्पट जड वजन लावलं होतं. घड्याळ मागेच पडत राहिलं आणि दोन वर्षांत मागच्या प्लेटमधली पिव्हटची भोकं लांबट झाली.

दुसरी नेहमीची तक्रार अशी: रविवारी चावी दिली की चार-पाच दिवस घड्याळ छान चालतं आणि मग आपोआप थांबतं. पुन्हा हलवलं की चालू. आपण मशीन उतरवतो, धुतो, तेल देतो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दोष भिंतीत असतो. वजन उतरत उतरत लंबकाच्या गोळ्याच्या उंचीला आलं की त्याचा झोका लंबकाच्या झोक्याशी जुळतो. केस भिंतीला बांधलेली नसेल तर तीही बारीक हलते, आणि लंबकाची ताकद वजन झुलवण्यात खर्च होते. इंग्लंडमध्ये केस पाठीच्या फळीतून भिंतीला स्क्रूनं पक्की करत. आपल्याकडे ग्राहक पॉलिश केलेल्या फरशीवर घड्याळ नुसतं उभं करून ठेवतात. मागे लाकडी पट्टी देऊन, पाठीत असलेलं जुनंच भोक वापरून एक स्क्रू घट्ट करा. पुष्कळदा तेवढ्यानं भागतं.

पावसाळ्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं, आणि त्यातलं बरंचसं आपल्याच हातून. या केसचे सांधे आणि व्हिनियर सरसानं जोडलेले आहेत. दमट हवेत सरस मऊ पडतो, व्हिनियर फुगून उठतं, आणि घाबरलेला ग्राहक सुताराला बोलावतो. सुतार फेव्हिकॉल भरतो, वरून मेलामाइन मारतो. पुढे कुणालाही तो सांधा लाकूड न फाडता उघडता येत नाही. सरसानं जोडलेलं गरम पाण्याच्या वाफेनं उकलतं आणि सरसानंच परत बसतं. लाखेचं पॉलिशही तसंच, त्याच्यावर पुन्हा लाख चढते. हे ग्राहकाला आपणच समजावलं पाहिजे, कारण सुतार ते सांगणार नाही. आणि डायलला बफ लावणं बंद करा. पितळी डायलवर कोरलेली रेघ एकदा बफखाली गेली की ती कायमची गेली. रंगवलेल्या डायलवरची फुलं फिकट दिसतात म्हणून नवी रंगवून देणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, तो फिकटपणा राहू द्या.

एक कायद्याची बाब. शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, असं १९७२ चा कायदा सांगतो. आजोबांचं घड्याळ मुलाकडे लंडनला पाठवायचं आहे म्हणून पॅकिंग करून मागणारे ग्राहक येतात. घड्याळ मुळात तिथूनच आलं होतं, हे कारण चालत नाही. पेटी बांधायच्या आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करायला सांगा.

पुण्याच्या त्या घड्याळाचं काम दोन दिवसांत झालं. टोल्यांचा दोष रॅकच्या सैल झालेल्या शेपटीत निघाला. बुजवलेली भोकं, चिकटवलेले तुकडे, काहीच हलवलं नाही. जुने इंग्लिश कारागीर दुरुस्तीनंतर प्लेटवर किंवा डायलच्या पाठीवर नाव आणि साल ओरखडून ठेवत. या मशीनवर अशी तीन नावं सापडली. चौथं ओरखडायचा मोह टाळून मी एका कागदावर लिहिलं: केस, मशीन आणि डायल तीन वेगळ्या घड्याळांचे, जोड आमच्या आधीची, रॅक दुरुस्त, तारीख. ग्राहकांनी तो वाचला. थोडं थांबून खाली आपल्या हातानं लिलावात मोजलेली किंमतही लिहिली, आणि कागद पाकिटात घालून केसच्या तळाशी ठेवला.