पेशीतला सातबारा



तुमच्या घरी कोणी दहावीला असेल, तर पेशी प्रथिने कशी बनवते हा धडा त्याच्या कानावर आला असेलच. प्रतिलेखन, भाषांतरण, स्थानांतरण हे तीन जड शब्द मुले घोकतात, पेपरात उतरवतात आणि उन्हाळ्यात विसरतात. हा धडा तुम्ही घरी शिकवू शकता. तुमची शाळा चौथीतच सुटली असली तरी बिघडत नाही, कारण सातबाराचा उतारा म्हणजे काय हे तुम्हांला मुलांपेक्षा पक्के ठाऊक आहे.

मूळ दप्तर कचेरीत राहते. आपण फक्त आपल्या गट नंबराचा उतारा काढतो आणि तो घेऊन सोसायटीत जातो. पेशीतही तसेच. केंद्रकातला डीएनए हे मूळ दप्तर. जे प्रथिन करायचे, तेवढ्याच मजकुराचा उतारा निघतो. त्याचे नाव एम-आरएनए, आणि उतारा काढणे म्हणजे प्रतिलेखन. उतारा केंद्रकाबाहेर रायबोझोमकडे जातो. रायबोझोम हा माळ ओवणारा कारागीर. मणी म्हणजे अमिनो आम्ले, वीस प्रकारची. मणी आणून देणारे हमाल टी-आरएनए. एक हमाल एकाच जातीचा मणी उचलतो. उतारा वाचून मणी ओवणे हे भाषांतरण, वाचत पुढे सरकणे हे स्थानांतरण. पुरी झालेली माळ घडी घालून बसली की झाले प्रथिन.

उताऱ्याच्या लिपीत अक्षरे चारच. मग वीस मणी कसे सांगायचे? हा हिशेब मुलालाच घालू द्या. दोन-दोन अक्षरे जोडली तर १६ शब्द होतात, ते अपुरे. तीन-तीन जोडली तर ६४. त्यांतले ६१ मण्यांचे, उरलेले ३ ‘थांबा’ सांगणारे. ओसरीवर ज्वारी, तूर, मूग आणि हरभरा घेऊन तीन-तीन दाण्यांची ओळ मांडा. मधला एक दाणा उचला आणि पुन्हा तिनाचे गट पाडायला सांगा. पुढची सगळी ओळ बिघडलेली मुलाला स्वतःला दिसेल. विदर्भात आणि नंदुरबारकडे ज्या सिकलसेलची रक्ततपासणी होते, त्या आजारात तर दाणा हरवतही नाही. एक अक्षर बदलते, हिमोग्लोबिनच्या माळेत सहावा मणी चुकीचा पडतो आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकते.

ही लिपी उलगडणाऱ्यांत हरगोविंद खुराना होते. त्यांना १९६८ साली दोघा शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. वडील पंजाबातल्या एका खेड्यात पटवारी, म्हणजे आपले तलाठीच!

आता मुख्य गोष्ट. कारागीर हजर, उतारा हातात, पण हवा तो मणी नसेल तर ओवणे अडते. दुसरा मणी तिथे चालत नाही. वीसपैकी नऊ मणी आपले शरीर करूच शकत नाही, ते अन्नातूनच यावे लागतात. ज्वारीत लायसिन नावाचा मणी कमी. डाळीत तो भरपूर, पण मेथिओनिन कमी, आणि ते ज्वारी पुरवते. (मेथिओनिनमध्ये गंधक असते. डाळवर्गीय पिकांना गंधक द्या म्हणून आम्ही मागे लागतो, त्याचे हे एक कारण.) नुसत्या भाकरी-चटणीवर पोट भरते, पण वाढत्या अंगाला माळा पुऱ्या पडत नाहीत. जास्तीचे मणी शरीर साठवूनही ठेवत नाही, जाळून टाकते. म्हणून सणाला पोटभर वरण आणि एरवी काहीच नाही, हे चालत नाही.

आणि स्पष्टच बोलतो. पुष्कळ घरांत तूर पिकते, पण सगळी बाजारात जाते. घरात शिजते ती कर्त्या पुरुषांच्या ताटात आधी पडते आणि दहावीतल्या लेकीला पातेल्याच्या तळाचे पाणी मिळते. तिच्या पेशींतले दप्तर भावाइतकेच धडधाकट आहे. यंदा तूर मळून झाली की घराच्या वर्षाच्या पायल्या आधी मोजून बाजूला काढा, मग काटा लावा.