गहाळ पुस्तके

खेड्यापाड्यांत लोक मला ‘अनुदानवाले साहेब’ म्हणतात. वास्तविक पैसा सरकारचा. माझ्या हाती फक्त तपासणीचा फॉर्म आणि लाल पेन्सिल! १९६७ च्या कायद्यान्वये महाराष्ट्रातल्या मान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. वर्गाप्रमाणे अनुदान, आणि त्यातूनच ग्रंथपालाचा तुटपुंजा पगार.

गेल्या वर्षी एका खेड्यातले ड वर्गाचे वाचनालय तपासले. दाखल नोंदवहीतली चाळीस पुस्तके कपाटात नव्हती. देवघेवीच्या वहीतही त्यांचा पत्ता नव्हता. ग्रंथपाल खाली मान घालून म्हणाले, “साहेब, गावातच आहेत. माणसं घरचीच, लिहायचं राहून गेलं.”

आता काय करावे? शेरा मारावा तर गरिबाच्या पोटावर पाय; न मारावा तर कामाशी बेइमानी. मी घड्याळ पाहिले. म्हटले, “शेवटची एस. टी. सहाला आहे. तोवर थांबतो.”

बिचारे उन्हातून दारोदार फिरले. सहाच्या आत सदतीस पुस्तके टेबलावर आली. एकात तिकिटाची खूण, एकावर हळदीचे बोट, तर एकाच्या फाटक्या पुठ्ठ्याला कुणी नवे कापड चिकटवलेले!

‘तीन गहाळ’ असा शेरा मी लिहिला. ग्रंथपालांनी निमूटपणे सही केली. वर्ग टिकला. पण वाचकहो, खरे सांगू? ज्यांची नोंद नव्हती, तीच पुस्तके सर्वांत जास्त वाचलेली होती. आणि त्यासाठी आमच्या फॉर्मात रकानाच नाही!